घोटभर पाण्याची भीती

नेरळला राहणारी माझी मावशी ८२ वर्षांची. दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे असले, की आदल्या रात्रीपासून तिचे पाणी बंद. सकाळचा चहासुद्धा अर्धा कप. का, म्हणून विचारले तर म्हणे, "अरे, प्यायलं की जावं लागतं. गाडीत कुठे जाऊ?" प्रश्न बिनतोड होता. नेरळ ते दादर म्हणजे लोकलचा सुमारे दीड तास. डब्यात शौचालय नाही, आणि मध्येच उतरून ते शोधायचे तर गुडघे साथ देत नाहीत.

हळूहळू प्रवासातली ही सवय घरातही शिरली. रात्री उठावे लागते, न्हाणीघराची फरशी निसरडी, सुनेची झोपमोड होते. सगळी कारणे सज्जनपणाचीच. त्यात माथेरानच्या पायथ्याचा मे महिन्यातला उकाडा. मी तेव्हा तिच्याकडेच होतो. एके सकाळी मावशीने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि तीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाईला चारा घातला का, म्हणून विचारले. "आता वय झालं," आम्ही म्हणालो. दोन दिवस म्हणतच राहिलो. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेले. निघाला तो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. आठ दिवसांनी मावशी इस्पितळातून घरी आली, पूर्वीसारखी बोलू लागली; पण ते वाया घालवलेले दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

'उन्हाळी लागली' असे म्हणून आपल्याकडे या दुखण्याची बोळवण होते. हा त्रास बहुधा आपल्याच आतड्यातल्या जंतूंमुळे होतो. ते मूत्रमार्गात शिरतात. लघवी वेळच्या वेळी झाली तर बरेचसे वाहून जातात, साचून राहिली तर वाढतात. बायकांचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून त्यांना धोका अधिक. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी व नाजूक होते. पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढली की मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. मधुमेह आणि बद्धकोष्ठ यांचीही भर पडते.

उपाय साधेच आहेत. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे, संध्याकाळनंतर कमी करावे. ताक, पेज, धणे-जिऱ्याचे पाणी हेही त्यातच धरावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असला म्हणजे हिशेब बरोबर. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार हा त्रास होणाऱ्या तरुण बायकांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर त्यांचा त्रास निम्म्यावर आला. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. लघवी तुंबवू नये. स्वच्छता पुढून मागे करावी. जंतुनाशके किंवा उग्र साबण तिथे वापरू नयेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे ओले कपडे लगेच बदलावेत, आणि नळी लावलेली असेल तर ती अजून हवीच आहे का, हे विचारत राहावे. पाळी गेलेल्या स्त्रियांना पुन्हा पुन्हा त्रास होत असेल, तर इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते; पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त, किंवा म्हाताऱ्या माणसाचे अचानक असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. बरळण्याचे कारण दर वेळी हेच असेल असे नाही, पण ते 'वय' म्हणून सोडून देण्यासारखे खचितच नाही. याउलट, काही त्रास नसताना केवळ तपासणीत जंतू दिसले म्हणून औषध मागू नये. उतारवयात असे पुष्कळांना आढळते. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणल्या, तर पुढे त्या लागू पडेनाशा होतात.

पण पाणी प्या म्हणणे सोपे, जायचे कुठे? मुंबईत 'राईट टू पी' चळवळीने २०११ पासून हाच प्रश्न लावून धरला. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश दिले. ज्या गोष्टीचे नाव घ्यायलाही आपण 'एकीला' जाण्याचा आडोसा शोधतो, ती न्यायालयात मांडावी लागली.

घरातले काम मात्र आपलेच. मावशीच्या न्हाणीघरात आता धरायला दांडा आहे, रात्री दिवा असतो, उशाशी तांब्या असतो. दादरला जाताना आम्ही तासभर आधी निघतो. कल्याणला उतरतो, मावशी जाऊन येते, मग पुढची गाडी धरतो. वेळ मोडतो खरा. पण परवा नेरळच्या फलाटावर तिने स्वतःहून पिशवीतून बाटली काढली आणि दोन घोट पाणी प्यायली. मी काही बोललो नाही.