नव्या फरशीआधी जुनी जमीन

बारडोलीची काळी माती उसाला मानवते. घराच्या जमिनीला मात्र ती त्रास देते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे वरचा कोबा कुठे खचतो, कुठे उचलला जातो. आमच्या जुन्या घरात तेच झाले होते. सासूबाई वॉकर घेऊन चालू लागल्या, तेव्हा फरशी बदलायचे ठरले.

दुकानदार म्हणाला, "टाइल बसवतानाच सरळ होऊन जाईल." आमच्या गवंडीकाकांना ते पटले नाही. मोठी टाइल वाकत नाही. खालची जमीन उंचसखल असेल तर कोपऱ्याखाली पोकळी राहते आणि भार पडला की टाइल तडकते. दोन टाइल्सच्या कडा वरखाली राहिल्या तर म्हातारे पाऊल तिथेच अडखळते.

काकांनी पारदर्शक नळीत पाणी भरले आणि आतले बुडबुडे घालवले. नळी कितीही वळली तरी दोन्ही टोकांचे पाणी एकाच उंचीवर राहते. त्यावरून चारही भिंतींवर एक ओळ आखली आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावला. खिडकीखाली ९४ सें.मी. भरले, उंबऱ्याजवळ ९२. जिथे माप कमी, तिथे उंचवटा; जिथे जास्त, तिथे खड्डा.

मग हातोडीने ठोकून पाहिले. पोकळ वाजणारा कोबा काढून टाकला, उंचवटा ग्राइंडरने घासला. धूळ झाडून, जमीन ओली करून, सिमेंटचे पाणी फिरवून खड्ड्यांत एकास चार माल भरला आणि लांब पट्टीने ओढून घेतला. सात दिवस पाणी मारले. जिथे अगदी पातळ थर हवा होता तिथे सिमेंट-वाळू टिकली नसती. तिथे प्रायमर लावून, आपोआप पसरणारे तयार मिश्रण ओतले.

आपल्याकडे काम काढणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाथरूम सपाट करू नका. पाणी जाळीकडे वाहील असा मीटरला साधारण एक सेंटिमीटर ढाळ ठेवा. आणि कोब्याची भेग वाढत असेल तर आधी घराबाहेर पाहा. छपराचे पाणी जोत्याशी मुरत असेल तर काळी माती फुगतच राहणार. ते पाणी दूर नेल्याशिवाय वर कितीही माल भरला तरी भेग पुन्हा दिसेल.