दूरचा श्रोता आणि प्रत्यक्ष नाद : मेटल संगीताच्या श्रवणाविषयी काही विचार

संगीताचा विचार करताना आपल्याकडे गायक, घराणे आणि बंदिश यांची चर्चा विपुल झाली आहे. श्रोत्याची त्या मानाने थोडी. वास्तविक रससिद्धांताने सहृदयाला विवेचनाच्या केंद्रस्थानी बसविले, त्याला कित्येक शतके लोटली. रॉक संगीत आणि त्यातून १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅमसारख्या कारखानदारीच्या शहरात आकारास आलेले मेटल संगीत यांच्याविषयीच्या लेखनातही हीच उणीव जाणवते. वाद्यवृंदांचा इतिहास लिहिला जातो. परंतु ते ऐकण्यासाठी कोण, कोठून आणि कोणत्या सोयीच्या आधारे येतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न एका विशिष्ट स्थळावरून विचारावयाचा आहे. ते स्थळ म्हणजे रायगड जिल्ह्यातील दहिवली.

उल्हास नदीच्या काठी वसलेली दहिवली ही आज कर्जत नगराचाच एक भाग आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत स्थानक १०० किलोमीटर, म्हणजे लोकलने सुमारे दोन तासांच्या अंतरावर आहे. येथील मेटल-रसिकाला मुद्रित संगीत घरबसल्या, हातातील मोबाइलवर उपलब्ध असते. असे असताना त्याने दोन तास जाण्यात आणि दोन तास परतण्यात का घालवावेत? हौस हे या प्रश्नाचे एक उत्तर होय. परंतु ते पुरेसे नाही. त्याचे खरे उत्तर प्रथम नादशास्त्रात शोधावे लागते.

मेटल संगीतातील विद्युत्-गिटारचा नाद हा बुद्धिपुरस्सर विरूप केलेला असतो. वर्धकाला त्याच्या मर्यादेपलीकडे नेले असता ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, मुळात नसलेले उपस्वर निर्माण होतात आणि स्वर दीर्घकाळ टिकतो. अशा विरूपित नादात तीन-चार स्वरांचा मेळ गढूळ होतो. म्हणून वादक बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकत्र छेडतात. या दोहोंच्या कंपनसंख्यांचे प्रमाण २ : ३ असते. त्यामुळे विरूपणात त्यांच्या अंतराइतक्या कंपनसंख्येचा एक तिसरा स्वर उत्पन्न होतो, आणि तो मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली असतो. गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने देते. तिच्यावर षड्ज-पंचम छेडले की ४१ कंपनांचा मंद्र नाद, कोणी न वाजविता, ऐकू येऊ लागतो. जवारीमुळे तंबोऱ्याच्या तारेतून उपस्वर फुलतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हा प्रकार सर्वस्वी परका वाटू नये.

मोबाइलचा इवलासा ध्वनिक्षेपक एवढे खालचे कंपन देऊ शकत नाही. कर्णश्रवणी लावली तर ते कानाला कळते, पण शरीराला जाणवत नाही. मोठ्या ध्वनिवर्धकांसमोर उभे राहिल्यावर मात्र तेच कंपन छातीत आणि पायांखालच्या जमिनीत प्रत्ययास येते. म्हणजे दहिवलीत त्याच्या हाती असते ते त्या संगीताचे एक अपुरे रूप होय. या पूर्णतेची किंमतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबेल ही कमाल मर्यादा सुचविली असून श्रोत्यांना कानबोळे उपलब्ध करून द्यावेत, असेही म्हटले आहे.

दुसरे उत्तर समूहात आहे. डीना वाइनस्टाइन या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या मेटलविषयक ग्रंथात प्रत्यक्ष कार्यक्रमाला या संस्कृतीत मध्यवर्ती स्थान दिले आहे. कारण एरवी विखुरलेला श्रोतृवर्ग तेथे एक समाज म्हणून स्वतःला पाहतो. मंचासमोर एकमेकांवर आदळत नाचणाऱ्यांचे जे रिंगण तयार होते, त्यास मॉश पिट म्हणतात. परक्याला तो निव्वळ दांडगावा वाटतो. परंतु कॉर्नेल विद्यापीठातील सिल्व्हरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अशा रिंगणांच्या चित्रफितींचा अभ्यास केला, तेव्हा त्यातील व्यक्तींची गती द्विमितीय वायूतील कणांच्या गतीसारखी आढळली. आणि सर्वजण एका दिशेने धावू लागले की तिला भोवऱ्याचे रूप येते, असे दिसून आले. भौतिकशास्त्राला जे दिसत नाही ते असे, की या रिंगणालाही नीती आहे. पडलेल्याला तत्काळ उचलावयाचे आणि कडेला उभे असलेल्याला ओढावयाचे नाही, हे संकेत कोणी लिहून ठेवलेले नसतात. नवागत ते पाहून शिकतो. गणेशोत्सवातील ढोल-ताशा आणि वरातीतील बेंजो यांच्या तालावर वाढलेल्या रायगडातील तरुणाला मोठ्या नादात शरीर सोडून देण्याचा हा अनुभव मुळीच अनोळखी नसतो. नवी असते ती नादाची भाषा.

आता स्थळांचा इतिहास पाहू. मुंबईत १९७० व १९७१ या साली सिमला बीट या स्पर्धेमुळे तरुण वाद्यवृंदांना मोठा श्रोतृवर्ग लाभला. १९७१ मध्येच लोणावळ्यापलीकडे मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ हा खुला महोत्सव भरला. म्हणजे दहिवलीच्याच लोहमार्गावर, केवळ घाट चढून गेल्यावर. १९८४ साली रॉक मशीन हा वाद्यवृंद स्थापन झाला आणि १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ या वार्षिक महोत्सवाचा आरंभ झाला. त्याचे नाव धोबी तलावाच्या रंगभवनाशी कायमचे जोडले गेले. ‘जाझ यात्रा’ही याच खुल्या मंचावर भरत असे. महाविद्यालयीन महोत्सवांनी, विशेषतः पवईच्या मूड इंडिगोने, या श्रोतृवर्गात दरवर्षी नवी भर घातली.

दूरच्या श्रोत्याच्या दृष्टीने रंगभवनाचे स्थान फार सोयीचे होते. कर्जतची लोकल जेथून सुटते ते टर्मिनस तेथून पायी गाठता येत असे. जुहू वा अंधेरी येथील कार्यक्रम पश्चिम मार्गावर असल्याने गाडी बदलणे अपरिहार्य ठरते. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडन या इंग्लिश वाद्यवृंदाने आपल्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात केला. जवळचे कुर्ला स्थानक मध्य मार्गावर असल्याने तो योगही कर्जतकडील रसिकाला साधण्याजोगा होता. परंतु असे योग क्वचित येतात.

रंगभवनातील रॉक कार्यक्रम चालू शतकाच्या आरंभीच्या वर्षांत थांबले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो, आणि तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबेल इतकी आहे. रंगभवनाला लागून महाविद्यालय आणि परिसरात रुग्णालये आहेत. याच नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत खुल्या जागी ध्वनिवर्धकास मनाई केली. वर्षातून अधिकाधिक पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निर्णयात कोणावरही ऐकण्याची सक्ती करता येणार नाही, हे तत्त्व जीवनाच्या मूलभूत अधिकाराशी जोडले. रुग्णाची झोप ही कोणत्याही संगीताहून मोलाची आहे, याविषयी दुमत संभवत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही रात्रभराच्या मैफली सोडून आपले वेळापत्रक बदलावे लागले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मेटलचा श्रोता आणि ख्यालाचा श्रोता यांच्यावर आलेला प्रसंग एकच होता; त्याचे परिणाम मात्र निराळे झाले.

सवाई गंधर्व महोत्सव खुल्या मांडवातच राहिला. त्याचे तास तेवढे बदलले. मेटलचे पुष्कळसे कार्यक्रम बंदिस्त जागेत, मुख्यतः मद्यालयांत गेले. कारण रात्रीच्या मनाईतून बंदिस्त सभागृहे वगळलेली आहेत. २००० साली स्थापन झालेला डेमॉनिक रिझरेक्शन, त्यानंतरचा भयानक मौत इत्यादी मुंबईतील वाद्यवृंद नावारूपास आले ते याच काळात. यातील पहिल्याने २०१७ साली ‘दशावतार’ ही विष्णूच्या अवतारांवरील ध्वनिमुद्रिका काढली. म्हणजे निर्मितीचा ओघ आटला नाही; श्रोतृवर्गाची रचना बदलली. महाराष्ट्रात सौम्य मद्यासाठी २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. त्यामुळे जो अठरा वर्षांचा विद्यार्थी रंगभवनात तिकीट काढून बसू शकत होता, त्याला अशा जागेच्या दारात अडविले जाऊ लागले. ज्याला प्रवेश मिळे त्याला खाण्यापिण्याचा खर्च पडे. आणि रात्रीची मनाई येथे लागू नसल्याने कार्यक्रम उशिरा सुरू होऊन उशिरा संपू लागले.

येथे दहिवलीच्या श्रोत्याचा प्रश्न उघड होतो. कर्जतची शेवटची लोकल मध्यरात्रीच्या सुमारास सुटते. प्रथेनुसार प्रमुख वाद्यवृंद सर्वांत शेवटी येतो. तेव्हा ज्याच्यासाठी १०० किलोमीटर प्रवास केला त्याचे वादन अर्ध्यावर सोडावयाचे, की स्थानकाच्या फलाटावर पहाटेची वाट पाहावयाची, असे दोनच पर्याय उरतात. विरोधाभास असा, की खुल्या मंचाला घातलेले रात्री दहाचे बंधन या श्रोत्याला जाचक नव्हते, उलट उपकारकच होते. त्यामुळे त्याची गाडी चुकत नसे. त्याचे खरे नुकसान झाले ते मंच बंदिस्त झाल्याने. ज्या नियमाने नको असलेल्याला न ऐकण्याचा अधिकार दिला, त्याच्याच ओघात हवे असलेल्या पण तरुण, अल्पधन आणि दूरस्थ अशा श्रोत्याची ऐकण्याची संधी आकुंचित झाली. हा नियमाचा हेतू नव्हता. परंतु परिणाम होय.

यावरून एक निष्कर्ष काढता येईल. एखाद्या संगीतप्रकाराचे आयुष्य केवळ कलावंतांच्या गुणांवर वा श्रोत्यांच्या अभिरुचीवर अवलंबून नसते. मंचाचे स्थान, कार्यक्रमाची वेळ, प्रवेशाचे वय आणि परतीची गाडी या वरकरणी क्षुल्लक गोष्टी त्याचा श्रोतृवर्ग घडवितात किंवा मोडतात. वस्तीपासून दूर, लोहमार्गाच्या जवळ, सर्व वयांना खुला आणि रात्री दहाला संपणारा मंच ही मागणी अवास्तव नाही. अशा मंचाने रुग्णाची शांतता आणि रसिकाचा नाद या दोहोंचे रक्षण होईल. संगीताच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच ध्वनिमुद्रिकांच्या सूचीबरोबर रेल्वेचे वेळापत्रकही हाताशी ठेवावे. मेटलच्या बाबतीत जे येथे दिसले, ते नाट्य, कीर्तन आणि ख्याल यांच्या ग्रामीण श्रोत्याच्या बाबतीत कितपत खरे आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.