मायक्रॉनभर मोकळीक

एक किलोमीटर लांबीची रेघ ओढायची, तर बॉलपेनातल्या ०.७ मिलिमीटरच्या बॉलला साधारण साडेचार लाख गिरक्या घ्याव्या लागतात. बॉलचा परीघ २.२ मिलिमीटर धरला की हिशेब जुळतो. पाच-दहा रुपयांच्या पेनातली साधी रिफिलसुद्धा किलोमीटरभर सहज लिहिते. एवढ्या सगळ्या गिरक्या तो बॉल एकाच खळग्यात घेतो आणि मध्ये तेलपाणी करायला कोणी येत नाही. बैलगाडीच्या आसाला निदान वंगणाचा नळा खाली टांगलेला असतो. इथे कागदावर जी उतरायची ती शाईच वाटेत वंगणाचंही काम करते.

बॉल आणि खळग्याचं हे टोक, म्हणजे टिप, कसं बनतं ते जवळून पाहायचं म्हणून चेण्यातल्या एका छोट्या गाळ्यात मी गेले. चेणे हे घोडबंदर रस्त्यावरचं, मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतलं गाव. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि मधून कंटेनर-ट्रकची न संपणारी रांग. खाडीपलीकडे नायगावला फ्लेअरसारख्या मोठ्या कंपनीचा पेनांचा कारखाना आहे. इथला गाळा मात्र चार यंत्रांचा. दारात चपला काढायच्या, आत गेल्यावर दार लगेच लावून घ्यायचं. एसी चालू होता, आणि तो माणसांसाठी नव्हता.

टिपेची सुरुवात तारेपासून होते. पितळेची, साधारण २.३ मिलिमीटर जाडीची तार वेटोळ्यातून सरळ होत यंत्रात शिरते आणि सेंटीमीटरभराचे तुकडे पडतात. हा तुकडा गोल फिरणाऱ्या तबकडीवर एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जातो आणि प्रत्येक ठाण्यावर त्याला एकेक टूल भेटतं. मागून शाईसाठी भोक, मग त्याहून बारीक भोक, बाहेरून निमुळता उतार, पुढून बॉलसाठी खळगा. खळग्याच्या तळाशी ब्रोच नावाचं चांदणीच्या आकाराचं टूल दाबलं जातं, त्यानं शाई यायच्या बारीक खाचा पडतात. मग बॉल येऊन बसतो. त्यानंतर खळग्याची पातळ कड फिरत्या टूलने आत वळवतात, याला सगळे ‘स्पिनिंग’ म्हणतात. शेवटी बॉलवर वरून बेताचा ठोका बसतो आणि खाली सीटवर, म्हणजे खळग्याच्या तळावर, बॉलच्याच गोलाईचा ठसा उमटतो. हे सगळं एवढ्या झपाट्यात होतं की डोळ्याला एकसारखी थरथर तेवढी दिसते आणि खालच्या ट्रेमध्ये टिपांचा बारीक पाऊस पडत राहतो.

यंत्रं बसवून देणाऱ्या सेटरला गाळ्यात सगळे मामा म्हणतात. त्यांनी ट्रेमधून एक टिप उचलून भिंगाखाली धरली आणि मला म्हणाले, “ताई, बॉल बघू नका. बॉलच्या भोवतीची कड बघा.” भिंगातून बॉलचा साधारण तिसरा हिस्सा बाहेर डोकावताना दिसला आणि भोवती पितळेचं झळझळीत कडं. बॉल आणि कडं यांच्यामधली फट दिसेल म्हणून मी वाट पाहत राहिले, पण ती दिसेना. ती असते काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला, तर ही फट त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येते. मामांनी मग दुसरी, बाजूला काढलेली टिप दाखवली. तिची कड एका बाजूला किंचित जास्त वळली होती. डोळ्याला दोन्ही सारख्याच. कागदावर मात्र दुसरीची रेघ एका दिशेला गडद आणि उलट दिशेला फिकी आली.

फट वाढली की शाई जास्त येते, टिपेच्या टोकाशी साचते आणि अक्षराच्या वळणावर गोळा पडतो. फट कमी झाली की बॉल अडखळतो, रेघ तुटते. सगळा धंदा या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत चालतो. म्हणून एसी. पोलादाचा ३० सेंटीमीटर लांबीचा भाग एका अंशाने तापला तर साडेतीन मायक्रॉनच्या आसपास लांबतो. म्हणजे सकाळी नीट बसवलेलं यंत्र दुपारपर्यंत चार अंशांनी तापलं तर मामांची सगळी मेहनत वाया. पाळी सुरू झाल्यावर काही वेळ यंत्र नुसतं चालवून गरम होऊ देतात. त्या वेळात पडलेल्या टिपा भंगारात जातात. पितळेचा कीस आणि भंगार वजनावर परत विकलं जातं, त्या पैशांवर या धंद्याचं बरंच गणित उभं असतं.

बॉलपेनाचा इतिहास म्हणजे याच फटीचा इतिहास आहे, असं मला वाटतं. चामड्यावर खुणा करण्यासाठी फिरत्या बॉलच्या लेखणीचं पेटंट जॉन लाउड यांनी १८८८ मध्येच घेतलं होतं. ते चाललं नाही. हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंट नोंदवलं आणि पुढे अर्जेंटिनात जाऊन त्यावर काम केलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यू यॉर्कच्या गिंबल्स दुकानात मिल्टन रेनॉल्ड्सचं साडेबारा डॉलरचं बॉलपेन पहिल्याच दिवशी हजारोंनी खपलं, आणि मग लोकांचे खिसे शाईनं भरले. कल्पना पक्की होती, बॉलही होता. खळगा आणि शाई एकमेकांना जुळत नव्हती. मार्सेल बिक यांनी डिसेंबर १९५० मध्ये बिक क्रिस्टल बाजारात आणलं, त्यासाठी स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातली यंत्रं वापरली, तेव्हा कुठे स्वस्त पेन भरवशाचं झालं. आजही टिपा करायची नामांकित यंत्रं दक्षिण स्वित्झर्लंडमधल्या अग्नो या गावात तयार होतात.

हे काम किती कठीण, याची साक्ष चीनने दिली आहे. जगातली बहुतेक पेनं बनवणारा देश, पण त्यांच्या टिपांसाठी लागणारं खास स्टेनलेस स्टील वर्षाला हजार टनांहून जास्त बाहेरून आणत होता. २०१६ च्या सुरुवातीला पंतप्रधान ली केकियांग यांनी ही खंत जाहीरपणे बोलून दाखवली. जानेवारी २०१७ मध्ये तैयुआनच्या पोलाद कंपनीने ते स्टील जमल्याचं जाहीर केलं, आणि त्यामागे पाच वर्षांचे प्रयत्न होते. रॉकेट सोडणारा देश पेनाच्या टोकाशी अडतो, यावर तेव्हा पुष्कळांनी टिंगल केली. मामांचं काम पाहिल्यावर त्यात हसण्यासारखं काही राहत नाही.

आता मऊपणाकडे वळू. बॉल जितका गुळगुळीत तितकं लिखाण मऊ, असं आपण धरून चालतो. तसं नाही. बॉल असतो टंगस्टन कार्बाइडचा. टंगस्टन कार्बाइडची पूड थोड्या कोबाल्टमध्ये बांधून, भट्टीत भाजून, हिऱ्याच्या पुडीनं घासून तो गोल करतात. आपल्या शाळेच्या दिवसांत रेनॉल्ड्स ०४५ वर ‘फाइन कार्ब्युर’ छापलेलं असायचं ते या कार्बाइडसाठीच. हा बॉल अगदी आरशासारखा केला तर कागदावर तो फिरतच नाही, नुसता घसरतो, आणि शाईही त्याला धरून राहत नाही. म्हणून त्याच्या पृष्ठभागावर मुद्दाम अतिसूक्ष्म खरबरीतपणा ठेवतात. तो कागदाला पकडतो आणि सोबत शाई घेऊन येतो. हाताला जाणवणारा मऊपणा बॉल आणि सीट यांच्यामध्ये शाईचा पापुद्रा टिकतो की नाही यावर ठरतो. पापुद्रा टिकला की बॉल शाईवर तरंगतो. तुटला की धातूवर धातू घासतो, तुमच्या बोटांना तो खरखरीतपणा कळतो, आणि त्याच क्षणी झीज सुरू झालेली असते. मऊ लिहिणं आणि कमी झिजणं हे दोन वेगळे गुण नाहीत. एक जमलं की दुसरं आपोआप येतं.

झिजतं कोण, हाही प्रश्न आहे. बॉल जवळजवळ झिजत नाही, तो पितळेच्या दहापट कठीण असतो. झिजते सीट. ती खोल गेली की बॉल आत बसतो, कडेशी असलेली फट बदलते, शाई येण्याच्या खाचा उथळ होतात. रिफिलमध्ये शाई शिल्लक असून पेन लिहीत नाही, तेव्हा बहुतेक वेळा हे घडलेलं असतं किंवा कागदाचे तंतू फटीत अडकलेले असतात. दुसरी झीज कडेची. पेन फार आडवं धरून लिहिलं की कड कागदाला टेकते आणि घासली जाते. कागद दिसतो मऊ, पण त्यात कॅल्शियम कार्बोनेट, चिकणमाती असे भराव असतात. उसाच्या चिपाडापासून किंवा पेंढ्यापासून केलेल्या कागदात सिलिकाही येते. आपल्या स्वस्त वह्या टिपेवर का इतक्या जड जातात, याचं उत्तर बरंचसं तिथे आहे.

गाळ्याच्या मालकांना मी विचारलं की सगळ्यात जास्त टिप कोण झिजवतं. ते लगेच म्हणाले, “कार्बन घालून लिहिणारे.” तीन प्रती काढायच्या म्हणजे हात दाबून लिहावं लागतं. दाब वाढला की शाईचा पापुद्रा पिळून बाहेर निघतो. पावतीपुस्तकं भरणारे वाणी, पंचनाम्याच्या प्रती काढणारे हवालदार, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या लिहिणारे कारकून, या सगळ्यांच्या रिफिली शाई संपण्याआधी मरतात. अशा लिखाणासाठी एक मिलिमीटरचा बॉल बरा, असं मालकांचं मत. मोठ्या बॉलला तोच दाब जास्त जागेवर वाटला जातो आणि किलोमीटरला गिरक्याही कमी पडतात. मला हे पटलं. दुकानात मात्र आजकाल ०.५ आणि ०.६ चाच बोलबाला, कारण बारीक अक्षर ऐटदार दिसतं.

शाई बदलली की टिपही बदलावी लागते. जुनी तेलकट शाई मधापेक्षाही घट्ट. ती पापुद्रा धरते, पण ओढायला जड. जेलची शाई पाण्याची असते, बॉल फिरला की पातळ होते आणि थांबला की घट्ट. पण पाण्यानं पितळ खराब होतं, म्हणून जेलला निकेल सिल्व्हरची किंवा स्टेनलेस स्टीलची टिप. २००६ मध्ये जपानमध्ये आलेल्या युनी जेटस्ट्रीमने तेलाच्याच शाईला पातळ करून मऊपणा आणला आणि सगळ्या जगाला त्या वाटेला लावलं. शाई पातळ झाली की फट आणखी नेमकी लागते, नाहीतर टोकातून गळते. काही टिपांत म्हणूनच बॉलच्या मागे केसासारखी बारीक स्प्रिंग ठेवतात. लिहीत नसताना ती बॉलला कडेवर दाबून धरते आणि दार बंद होतं.

टिप बरी की वाईट, याचा निकाल कोपऱ्यातल्या लिहिणाऱ्या यंत्रावर लागतो. रिफिली एका ओळीत, ठरलेल्या तिरकस कोनात अडकवलेल्या, प्रत्येकीवर दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन. खालून कागदाचं भेंडोळं सरकत असतं आणि रिफिली स्वतःभोवती फिरत गोल-गोल वेलांट्या काढत जातात. फिरवायचं कारण असं की एकाच बाजूने झिजली तर खरी परीक्षा होत नाही. दर शंभर मीटरला खूण. अधूनमधून रिफिल काढून बारीक काट्यावर तोलतात, म्हणजे किती शाई उतरली ते कळतं. सुरुवातीला जेवढी उतरली तेवढीच शेवटीही उतरली पाहिजे. एका कागदावर मामांनी बोट ठेवलं: पहिल्या वेलांट्या फिक्या, मधल्या भरलेल्या, शेवटच्या जाड आणि ओघळलेल्या. सीट खाली गेली होती. “ही दुकानात गेली असती तर गिऱ्हाईकाने एका आठवड्यात शिवी दिली असती,” ते म्हणाले, “आणि शिवी आमच्यापर्यंत पोचलीही नसती. आमचं नाव पेनावर नसतंय ना.”

हे मला फार लागलं. पेनावर नाव कंपनीचं, जाहिरात पकडीची आणि रंगाची. अक्षर ज्या जागी घडतं ती जागा एका सेटरच्या बोटांच्या अंदाजावर तोलून धरलेली असते. टूलची धार कधी गेली हे मामांना यंत्राच्या आवाजावरून कळतं. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेली मुलं वर्षभरात डिलिव्हरीच्या कामाला निघून जातात, कारण तिथे पैसे लवकर दिसतात. या कामाला बरा पगार आणि नीट प्रशिक्षण मिळालं पाहिजे. आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नर शिकवतात. तिथे मायक्रॉनची नजर आणि कान तयार करणारं थोडं जरी शिकवलं, तरी चेण्यासारख्या ठिकाणचे गाळे टिकतील.

सध्या गाळ्यात वेगळीच धांदल आहे. पितळ नीट कापलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं मिसळलेलं असतं. शिशामुळे कीस बारीक तुटून पडतो आणि ड्रिल मोकळं राहतं. युरोपात शिशावरचे नियम कडक होत चालल्यापासून तिथे जाणाऱ्या मालासाठी शिसं नसलेल्या तारेची मागणी येऊ लागली आहे. एका यंत्रावर मालकांनी तशी तार चढवली. कीस तुटेना, लांब कुरळा होऊन ड्रिलला गुंडाळू लागला, आणि केसासारखी बारीक ड्रिलं एकामागून एक मोडली. मामांनी वेग कमी केला, ड्रिल थोडं आत घालून बाहेर काढायचं, पुन्हा आत घालायचं अशी चाल लावली, तेलाची धार वाढवली. आता टिपा पडतात, पण त्यांच्या खळग्याची आतली भिंत पूर्वीसारखी साफ येत नाही आणि लिहिणाऱ्या यंत्रावर पाचशे मीटरच्या पुढे रेघ फिकी होते. मी निघाले तेव्हा मामांनी ब्रोच काढून भिंगाखाली धरला होता आणि मालक नव्या कोटिंगच्या ड्रिलचा भाव फोनवर विचारत होते.