अरणगावात उपयोगी पडेल अशी स्पॅनिश

अहिल्यानगरहून दौंडकडे जाताना अरणगावजवळ मेहेराबाद लागते. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला मेहेरबाबांच्या समाधीवर परदेशी भाविकही येतात. त्यांत कोणी स्पॅनिशभाषक भेटलाच, तर ‘ओला’ म्हणावे, म्हणजे नमस्कार. लिहिताना आधी ‘एच’ असतो, पण तो कधीच उच्चारत नाहीत. सकाळी ‘ब्वेनोस दियास’, आभारासाठी ‘ग्रासियास’, विनंतीला ‘पोर फाबोर’. पाणी म्हणजे ‘आग्वा’, ‘क्वान्तो एस?’ म्हणजे किती झाले?

मराठी जिभेला ही भाषा इंग्रजीपेक्षा सोपी, कारण तिचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य. ‘जे’ मात्र फसवा: साबणाचा ‘खाबोन’ होतो, तोही घसा खरवडून. चावी, पगार हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, म्हणून तिथे चावी ‘याबे’ आणि ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे.