फरशीच्या पोटातलं पाणी

सिंकसमोरची फरशी पाय पडला की हलते. सांध्यांतून काळपट पाणी वर येतं, ओट्याखाली कुबट वास सुटतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी छताचे पोपडे दाखवायला बोलावतात. मग घरात टाइल्सच्या दुकानाची फेरी ठरते आणि चर्चा थेट रंगावर येते. खरं तर अशा जमिनीत टाइलचा दोष बहुतेक वेळा सगळ्यात कमी असतो. पाणी कुठून शिरलं आणि खाली किती उरलंय हे न बघता बसवलेली नवी फरशीही जुनीच्याच वाटेनं जाते.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पितच नाही. मानकानुसार तिनं शोषलेलं पाणी तिच्या वजनाच्या ०.५ टक्क्याच्या आत असावं लागतं. भिंतीवरच्या साध्या सिरॅमिक टाइल्स १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकतात. मग पाणी खाली जातं ते सांध्यांतून. दरजा भरायला वापरलेलं सिमेंट सच्छिद्र असतं. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा, सिंकचा पाइप जमिनीत उतरतो तिथली फट, नहाणी ट्रॅपची कड, या आणखी वाटा. खाली गेलेल्या पाण्याला वर उडून जायला मात्र हीच न पिणारी टाइल आडवी येते.

टाइलखालच्या कोब्यात अतिसूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं आणि पाणी त्यांतून केशाकर्षणानं सरकतं. नळी जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढतं. व्यास शंभरपट कमी केला तर तेच गणित ३ मीटरवर जातं. कोब्यातल्या वाकड्यातिकड्या नळ्यांत हा प्रवास फार संथ होतो, पण थांबत नाही. म्हणून गळती सिंकपाशी आणि ओल फ्रिजमागच्या भिंतीवर, असा प्रकार घडतो. डाग दिसतो तिथेच फोडाफोड करणं बऱ्याचदा वाया जातं.

गळती कुठली, हे फोडण्याआधीही बरंचसं कळतं. घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघावा. काटा तरीही फिरत असेल तर दाबाखालची पाइपलाइन फुटलेली आहे आणि ती रात्रंदिवस गळते. मीटर स्थिर असून सिंक वापरल्यावरच ओल वाढत असेल, तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर. जमीन धुतल्यानंतर वाढत असेल, तर सांधे आणि ढाळ तपासावेत.

मग गवंडी नाण्यानं किंवा लाकडी दांड्यानं फरशी ठोकत जातो. चिकटलेली फरशी खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. चारपाच ठिकाणी मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबली असेल, तर गोळ्यांमधल्या पोकळ्यांत पाणी साठतं. शिवाय भट्टीतून निघालेली भाजलेली माती हवेतली आर्द्रता रासायनिकरीत्या शोषून वर्षानुवर्षं किंचित फुगत राहते. या शोषणानं तिचं वजनही इतक्या नियमितपणे वाढतं, की त्यावरून प्राचीन खापरांचं वय काढण्याची पद्धत ब्रिटिश संशोधकांनी २००९ मध्ये मांडली. व्हिट्रिफाइड टाइल फारच कमी फुगते, पण उष्णतेनं तीही प्रसरण पावते. उलट खालचा कोबा वाळताना आकसतो.

भिंतीपाशी फट सोडलेली नसेल, तर काय होतं ते पायथागोरसच्या प्रमेयातून कळतं. ३ मीटर रुंद जागेत टाइल्सची रांग एकूण फक्त १ मिलिमीटरनं लांब झाली आणि मध्यावर दुमडली, तर तो मध्य जवळपास ३९ मिलिमीटर वर येतो. ओलीनं आधीच पकड सुटलेली असेल, तर ही रांग अडवायला काहीच उरत नाही. ‘फरशा आपोआप उखडल्या’ म्हणतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

सांध्यांवरची पांढरी पूडही बोलकी असते. सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळून वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बनून बसतो. पाण्यानं सहज धुतली जाणारी पूड इतर क्षारांची असते. पाणी उडालं की क्षारांचे स्फटिक छिद्रांतच वाढतात आणि आतून दाब देऊन कोबा भुसभुशीत करतात. पूड ॲसिडनं घासण्याचा मोह आवरावा. शहाबादी, कोटा आणि कडाप्पा हे सगळे चुनखडीचेच दगड. ॲसिड त्यांनाही खातं.

जुनी फरशी निघाली की सगळ्यांना घाई होते, आणि इथेच काम बिघडतं. कोब्यातलं पाणी आतून पृष्ठभागापर्यंत झिरपत येऊन उडतं. यात वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात लागतो. थर दुप्पट जाड असेल तर वाळायला साधारण चौपट वेळ. पावसाळ्यात कोकणपट्टीची हवाच ओलीनं भरलेली असते, तेव्हा ती आणखी पाणी घेणार कुठून? हे काम दिवाळीनंतर काढावं. चाचणी सोपी आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून किमान १६ तास ठेवायचा. खाली बाष्प जमलं किंवा कोबा काळपट दिसला, तर थांबायचं. उघड्या पडलेल्या स्लॅबमध्ये गंजलेली सळई दिसली, तर गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा. आधी पाइप दुरुस्त करायचा. मग ट्रॅपच्या दिशेनं मीटरमागे सुमारे १ सेंटिमीटर ढाळ काढायचा. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर द्यायचा आणि तो भिंतीवर काही इंच चढवायचा. थर पक्का झाला की दारात छोटा बांध घालून २४ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्यांच्या छतावर लक्ष ठेवायचं. ही परीक्षा पार पडल्यावरच टाइल लावायची. चिकटमसाला दातेरी थापीनं पूर्ण पसरायचा, भिंतीपाशी स्कर्टिंगखाली लपेल एवढी फट सोडायची आणि सांधे एपॉक्सीनं भरायचे.

पाणी अडवायचं काम त्या खालच्या थराचं आहे. टाइल चालायला आणि पुसायला. कंत्राटदाराचं अंदाजपत्रक वाचताना पाण्याच्या चाचणीची ओळ टाइलच्या ओळीच्या वर आहे ना, एवढं बघावं. नसेल, तर सही करण्याआधी लिहून घ्यावी.