पुरापूर्वीचे धान्य

धानोऱ्याच्या अरण्यातील टोले नदीनाल्यांच्या पुराने वेढले गेले, म्हणजे गडचिरोलीचे भरलेले गोदामही त्यांच्या उपयोगी पडत नाही. धान्य असते, वाट नसते. म्हणून राज्यात १९९५ साली आरंभिलेल्या नवसंजीवनी योजनेने क्रमच बदलला: दुर्गम आदिवासी गावांत पावसाळ्याचे धान्य पावसापूर्वीच पोचवावयाचे. मात्र एवढ्याने भागत नाही. घरच्या ढोलीतील धान टिकते. भरडलेला तांदूळ दमट हवेत लवकर किडतो. पोती भुईवर न टाकता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावी लागतात. आणि खाणारी तोंडे आधीच नीट मोजावी लागतात; ती मोजणी चुकली, तर भर भाद्रपदात उणे पडलेले पोते आणावयास बैलगाडीचीही वाट उरलेली नसते.