गरिबांचे मूळ गाव

राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १६०१ साली, इंग्लंडमध्ये गोरगरिबांच्या निर्वाहासंबंधी एक कायदा झाला. वृद्ध, आजारी व पोरकी मुले यांचा सांभाळ त्या कायद्याने पॅरिशवर सोपविला. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारे गाव अथवा वस्ती. प्रत्येक पॅरिशमध्ये गरिबांचे पर्यवेक्षक नेमले जात. आपल्याकडे जशी घरपट्टी, तशी तेथे गरीबपट्टी असे. पर्यवेक्षक ती घरजमीनवाल्यांकडून वसूल करीत आणि तिच्यातून कोणाला पैसे, कोणाला पाव, कोणाला सरपण देत.

योजना चांगली होती. परंतु तिच्यातूनच एक पेच निर्माण झाला. पट्टी भरणारा गृहस्थ आपल्या गावच्या म्हातारीसाठी कुरकुरत का होईना, चार पेन्स देई. परगावाहून आलेल्या उपऱ्यासाठी त्याने ते का द्यावेत? १६६२ च्या कायद्याने याचे उत्तर दिले. वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात कोणी नवखा येऊन राहिला आणि तो पुढेमागे गावावर भार होईल असे वाटले, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून, दोन दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने, त्याला बायकामुलांसह मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येई. दहा पौंड भाड्याचे घर मजुराच्या आवाक्याबाहेरचे असे. तेव्हा हा कायदा कोणासाठी होता, हे सांगावयास नको. त्या माणसाने अद्याप एक पेनीही मागितलेली नसे. पुढे मागेल, एवढी शंका पुरे होई.

मूळ पॅरिश ठरविण्यासाठी दंडाधिकारी त्याची शपथेवर जबानी घेत. जन्म कोठे झाला, उमेदवारी कोणाकडे केली, चाकरी किती दिवस केली, हे सारे कारकून लिहून घेई. असे हजारो कागद इंग्लंडमधील दफ्तरखान्यांत जपलेले आहेत. ज्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, त्यांची जीवनकथा त्यांत वाचावयास मिळते. अविवाहित नोकराने एका गावी पूर्ण वर्षभर चाकरी केली, की त्याला त्या गावचा हक्क मिळे. म्हणून काही धनी नोकराला ५१ आठवड्यांच्याच बोलीने ठेवीत!

सर्वांत अधिक हाल विधवांचे व मुलांचे होत. लग्नानंतर पत्नीचे मूळ पॅरिश पतीचेच मानले जाई. पती वारला आणि तिने मदत मागितली, तर जे गाव तिने कधी पाहिलेही नाही, जेथे तिचे ओळखीचे एकही माणूस नाही, तेथे तिला पाठविले जाई. तिने पुनर्विवाह केला, तर तिचे पॅरिश बदले. पण मुलांचे मात्र मृत पित्याचेच राही. सात वर्षांच्या आतील मूल आईपासून तोडीत नसत. त्याहून मोठ्या मुलाला तो आधार नव्हता. आई एका गावी आणि नऊदहा वर्षांचा मुलगा दुसऱ्या गावी, असा प्रसंग कायद्याला धरूनच येऊ शके.

भीक मागताना सापडलेल्या भटक्यांची गत याहून वाईट. त्यांना फटके मारीत, तुरुंगात ठेवीत आणि मग गाडीत घालून एका परगण्याच्या सीमेवरून दुसऱ्या परगण्याच्या हवाली करीत. लंडनलगतच्या मिडलसेक्स परगण्यात तर या कामाचा मक्ताच दिलेला असे. इकडे दोन पॅरिशांमध्ये एखाद्या कुटुंबावरून तंटा लागला, तर वकिलांवर होणारा खर्च कधीकधी त्या कुटुंबाच्या पोषणाहूनही अधिक भरे.

या पद्धतीवर अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ याने १७७६ साली कडक टीका केली. पुढे गिरण्या वाढल्या. त्यांना गावोगावचे मजूर हवे होते. १७९५ साली असे ठरले, की प्रत्यक्ष मदत मागितल्याखेरीज कोणास हलवू नये, आणि आजारी माणसाची रवानगी तो बरा होईपर्यंत थांबवावी. १८४६ च्या कायद्याने पाच वर्षे एका ठिकाणी राहिलेल्यास अभय मिळाले. पतीच्या मृत्यूनंतर बारा महिने विधवेला राहत्या गावातून काढू नये, असेही त्याच कायद्यात होते. १८६५ साली खर्चाचा भार एकेका पॅरिशवरून अनेक पॅरिशांच्या संघावर गेला. आणि १९४८ साली गरिबांविषयीचे ते जुने कायदे रद्द झाले.